वहिवाट आणि कबजा

आमच्याकडील गांवच्या बोलण्यांत ‘वहिवाट’ या शब्दाला मोठें वजन आहे. कागद कोणाच्या नांवावर आहे हें विचारण्याच्या आधीं जमीन कोण कसतो, बांध कोण घालतो, झाडाचें फळ कोण उतरवितो, हें शेजारीपाजारी विचारतात. आणि पुष्कळ वर्षें एकाच हातानें जमीन राखली असेल तर त्या हाताला तेथून दूर करणें कोणाच्याही न्यायबुद्धीला रुचत नाहीं. या समजुतीच्या मुळाशीं एक नैतिक विचार आहे. ज्यानें श्रम ओतले त्याचा कांहीं हक्क उत्पन्न होतो, आणि हक्क असूनही ज्यानें वर्षानुवर्षें तिकडे ढुंकून पाहिलें नाहीं त्याचा हक्क क्षीण होतो. काळ येथें साक्षीदार म्हणून उभा असतो. परंतु ‘कबजा’ हा दुसराही शब्द आमच्याकडे आहे, आणि शहाणा पंच या दोहोंत भेद करतो. मूळ मालकाला दांडक्याच्या धाकानें बांधाबाहेर ठेवून कोणी दहा वर्षें नांगर चालविला, तर ती वहिवाट नव्हे. तो दहा वर्षें लांबलेला कबजा होय.

हा जुना भेद आम्ही येथें उकरून काढीत आहों तो पॅलेस्टाइनांतील एका प्रश्नासाठीं. जून १९६७ च्या सहा दिवसांच्या युद्धांत इस्रायलच्या सैन्यानें जॉर्डन नदीचा पश्चिम तीर, पूर्व जेरुसलेम, गाझापट्टी, गोलनचें पठार आणि सिनाईचें द्वीपकल्प हस्तगत केलें. त्यांपैकीं पश्चिम तीर व पूर्व जेरुसलेम यांत इस्रायली नागरिकांच्या वसाहती एकामागून एक उभ्या राहिल्या. आज पूर्व जेरुसलेम सोडून पश्चिम तीरावर पांच लाखांहून अधिक, आणि पूर्व जेरुसलेमांत दोन लाखांहून अधिक वसाहतवाले राहतात; त्यांच्या भोंवतीं तीस लाखांहून अधिक पॅलेस्टिनी आहेत. इस्रायलचें राष्ट्र असावें कीं नसावें, १९४८ सालीं कोणाचें किती चुकलें, हा वाद आम्ही येथें उघडीत नाहीं. आमचा प्रश्न अरुंद आहे. युद्धांत मिळालेल्या दुसऱ्याच्या भूमींत आपलीं कुटुंबें नेऊन बसविलीं, तेथें दोन पिढ्या नांदल्या, म्हणजे त्या कबजाची वहिवाट होते काय?

मराठी वाचकाला यहुदी समाज परका नाहीं. कोंकणांत शेंकडों वर्षें तेलाचे घाणे चालविणारे, आणि शनिवारीं घाणा बंद ठेवीत म्हणून ‘शनवार तेली’ हें नांव पावलेले बेने इस्रायल हे आमचेच शेजारी. १९४८ नंतर त्यांतील बहुतेक इस्रायलांत गेले आणि तेथेंही ‘मायबोली’ नांवाचें मराठी नियतकालिक त्यांनीं चालविलें. युरोपांत साठ लाख यहुद्यांचा संहार झाल्यावर त्या समाजाला स्वतःच्या छपराची ओढ कां लागली, हें न कळण्याइतके आम्ही निबर नाहीं. ती ओढ समजते म्हणूनच दुसऱ्याचें छप्पर जातांना पाहून गप्प बसणें अवघड वाटतें.

प्रथम कायद्याचें पाहूं. तें थोडक्यांत सांगतां येतें. १९४९ च्या चौथ्या जिनीव्हा करारांतील ४९ वें कलम असें सांगतें कीं, जेत्यानें ताब्यांत घेतलेल्या मुलखांत आपली स्वतःची नागरी प्रजा नेऊन बसवूं नये. नुकत्याच संपलेल्या महायुद्धांत जर्मनीनें जिंकलेल्या देशांत काय केलें होतें तें हा करार लिहिणाऱ्यांच्या डोळ्यांपुढें होतें. सैन्य आज आलें तर उद्यां जाऊं शकतें. पण ज्या भूमींत पाळणे हलले आणि शाळा भरल्या ती भूमि सोडणें कोणत्याही सरकारला जवळजवळ अशक्य होतें, हें त्यांस पुरतें कळलें होतें. आणि इस्रायलच्या सरकारलाही तें कोणी सांगितलें नाहीं असें नाहीं. सप्टेंबर १९६७ मध्यें, म्हणजे युद्ध संपून तीन महिने होतात न होतात तों, त्यांच्याच परराष्ट्रखात्याचे कायदेविषयक सल्लागार थिओडोर मेरॉन यांनीं गुप्त टिपण लिहून कळविलें कीं, ताब्यांतील मुलखांत नागरी वसाहत करणें या कराराच्या स्पष्ट शब्दांविरुद्ध जाईल. मेरॉन हे स्वतः पोलंडांत जन्मलेले, लहानपणीं नाझींच्या छळांतून वांचलेले; पुढें युगोस्लाव्हियांतील युद्धगुन्ह्यांची चौकशी करणाऱ्या आंतरराष्ट्रीय न्यायालयाचे ते अध्यक्ष झाले. टिपण दप्तरांत गेलें आणि त्याच महिन्यांत कफार एत्सिऑन ही पहिली वसाहत पश्चिम तीरावर उभी राहिली. पुढील काळांत इस्रायलच्या सरकारनें असा युक्तिवाद केला कीं, जॉर्डनचें त्या भूमीवरील स्वामित्व जगानें मान्यच केलें नव्हतें, म्हणून हा करार तेथें लागू नाहीं, आणि स्वखुषीनें जाणाऱ्या नागरिकांना तो मनाई करीत नाहीं. हेग येथील आंतरराष्ट्रीय न्यायालयानें २००४ मध्यें व पुन्हां १९ जुलै २०२४ रोजीं दिलेल्या मतांत या वसाहती बेकायदेशीर ठरविल्या. सुरक्षा समितीनेंही डिसेंबर २०१६ च्या २३३४ क्रमांकाच्या ठरावांत तेंच म्हटलें.

परंतु कायद्याचा निकाल लागला म्हणून मनाचा निकाल लागत नाहीं. त्या पहिल्या वसाहतीचीच गोष्ट घ्या. ती सांगितल्यावांचून पुढें जाणें अप्रामाणिकपणाचें होईल. कफार एत्सिऑन याच नांवाचें यहुदी खेडें तेथें पूर्वीं होतें. मे १९४८ मध्यें तें पडलें, आणि तें राखणारांपैकीं बहुतेक जण, शरण आल्यावरही, मारले गेले. बायकामुलें आधींच हलविलीं होतीं. १९६७ मध्यें जे परत आले त्यांत त्या मुलांपैकीं कांहीं होते. बापाच्या रक्तानें भिजलेल्या टेंकडीवर मुलगा परत जातो, त्याला ‘परकी वसाहत’ म्हणतांना आमचीही जीभ अडखळते. हेब्रनचें तसेंच. त्या शहरांत पिढ्यान् पिढ्या राहणाऱ्या यहुदी वस्तीवर १९२९ सालीं जमावानें हल्ला करून ६७ जणांस ठार मारलें. कित्येकांस त्यांच्या अरब शेजाऱ्यांनींच घरांत लपवून वांचविलें, तरी वस्ती उठली ती उठलीच. १९६८ मध्यें रब्बी मोशे लेव्हिंगर यांच्या पुढारीपणाखालीं एक मंडळी सणाच्या निमित्तानें तेथील हॉटेलांत उतरली आणि परत गेली नाहीं.

अन्यायानें गमावलेली जागा किती वर्षांनीं परत मागतां येते? चाळीस वर्षांनीं? शंभर वर्षांनीं? या प्रश्नाचें कांहींही उत्तर द्यावें, आम्ही तें समजून घेऊं. पण तें एकच असावें. येथें मात्र उत्तरें दोन आहेत. १९७० च्या इस्रायली कायद्यान्वयें पूर्व जेरुसलेमांत १९४८ पूर्वीं यहुद्यांच्या मालकीचें जें होतें तें त्यांस परत मागतां येतें. आणि १९५० च्या ‘गैरहजर मालकां’च्या कायद्यान्वयें १९४८ सालीं जे पॅलेस्टिनी पळाले किंवा हांकलले गेले, त्यांचीं इस्रायलांतील घरें सरकारजमा झालीं, तीं त्यांस परत मागतां येत नाहींत. शेख जर्राह या मोहल्ल्यांत या दोन कायद्यांची गांठ पडते. १९५६ सालीं जॉर्डन सरकार व निर्वासितांसाठीं काम करणारी संयुक्त राष्ट्रांची संस्था यांनीं २८ निर्वासित कुटुंबांस तेथें घरें बांधून दिलीं. त्यांच्या नातवंडांवर आज खटले आहेत कीं, ही जागा १९४८ पूर्वीं यहुद्यांची होती, ती खालीं करा. त्या कुटुंबांनीं म्हणावें कीं ठीक आहे, मग आमचीं तिकडचीं जुनीं घरें आम्हांस द्या, तर तो दावा दाखलच होत नाहीं. एकाच्या बाबतींत काळ मोजावयाचा नाहीं आणि दुसऱ्याच्या बाबतींत काळाखेरीज कांहींच मोजावयाचें नाहीं. ज्या मनुष्याच्या जुन्या दुःखाकडे पाहून आमची जीभ अडखळली होती, तेंच दुःख पुढें करून त्याच्या सरकारनें ही दुहेरी फूटपट्टी तयार केली.

आतां जमीन प्रत्यक्ष कशी जाते तें पाहावें, कारण या विषयाचें खरें मर्म तेथेंच आहे. आरंभीं ती लष्करी गरज म्हणून ताब्यांत घेतली जाई. १९७९ सालीं नाब्लुसजवळच्या रुजैब गांवची खाजगी जमीन एलॉन मोरेह नांवाच्या वसाहतीसाठीं घेण्यांत आली, तेव्हां गांवकरी इस्रायलच्या उच्च न्यायालयांत गेले. सरकारनें संरक्षणाचें कारण सांगितलें. पण वसाहतवाल्यांनीं मोठ्या सरळपणानें प्रतिज्ञालेख केला कीं, आम्ही येथें आलों तें संरक्षणासाठीं नव्हे, ही भूमि ईश्वरानें आम्हांस दिली म्हणून. आणि माजी सरसेनापति हाइम बार-लेव्ह यांनींही ही वसाहत संरक्षणाला आवश्यक नाहीं अशी साक्ष लिहून दिली. न्यायालयानें जमीन परत करविली. न्यायाधीशांच्या स्वतंत्र बुद्धीचें हें उदाहरण म्हणून आम्ही त्याचा गौरवच करूं. परंतु त्या निकालानंतर सरकारनें वसाहती थांबविल्या नाहींत, वाट बदलली. १८५८ सालचा उस्मानी सुलतानाचा जमीनकायदा कपाटांतून बाहेर निघाला.

हा कायदा मोठा मनोरंजक आहे. त्यांत बहुतेक शेतजमिनीची अंतिम मालकी सुलतानाची, कसणाऱ्याचा हक्क वापराचा. दहा वर्षें कसली तर तो हक्क पक्का होतो, आणि तीन वर्षें सबळ कारणावांचून पडीक टाकली तर तो जातो. जी जमीन गांवापासून इतकी दूर कीं वेशीवरून मोठ्यानें घातलेली हांकही तेथें ऐकूं जात नाहीं, ती ‘मृत’ जमीन. सुलतानाला रान मोडून लागवड वाढवावयाची होती आणि सारा वसूल करावयाचा होता. गांवकऱ्यानें जमीन सोडूं नये हा त्या नियमाचा हेतु. तोच नियम गांवकऱ्याची जमीन सोडविण्याकडे वापरण्यांत आला. डोंगराळ मुलखांत एका तुकड्यांत चार ऑलिव्ह उभे, मध्यें खडक, पलीकडे मेंढरांचें चरण, असेंच असावयाचें. मोजणी करून खडकाचा भाग ‘लागवडीखालीं नाहीं’ म्हणून सरकारी ठरवितां येतो. १९७९ नंतरच्या वर्षांत अशी लाखों डूनम जमीन सरकारी म्हणून जाहीर झाली. एक डूनम म्हणजे आमचा पाव एकर. आतां सरकारी जमीन ही सर्व रयतेची असावयास हवी. २०१८ मध्यें तेथील प्रशासनानें न्यायालयीन खटपटीनंतर जे आंकडे दिले त्यांवरून दिसतें कीं, वाटप केलेल्या सरकारी जमिनीपैकीं पॅलेस्टिनी लोकांच्या वाट्याला शेंकडा पाव भागही आला नाहीं.

कागद कां नव्हता, असें कोणी विचारील. इंग्रजांनीं १९२८ सालीं पॅलेस्टाइनांत जमिनींची पद्धतशीर नोंदणी सुरू केली, जॉर्डननें ती पुढें चालविली, आणि १९६७ पर्यंत पश्चिम तीराचा सुमारें एकतृतीयांश भाग नोंदला गेला होता. १९६८ मध्यें लष्करी हुकुमानें तें काम थांबविण्यांत आलें. ज्याला सातबाऱ्याच्या एका उताऱ्यासाठीं कचेरीच्या फेऱ्या घालण्याचा अनुभव आहे, त्याला या एका हुकुमाचा अर्थ समजावून सांगावयास नको. ज्यांच्या गांवापर्यंत मोजणीदार पोहोंचला नव्हता ते सारे त्या दिवसापासून कागदावांचून राहिले, आणि मग त्यांस कागद विचारण्यांत आला.

राहिला कसण्याचा पुरावा. तो तरी द्यावा, तर शेतापर्यंत जातां आलें पाहिजे. वसाहतीच्या भोंवतीं संरक्षणाचा पट्टा असतो; २००२ पासून बांधलेली भिंत व कुंपण यांचा बहुतेक मार्ग पश्चिम तीराच्या आंतून जातो, आणि पुष्कळांचें घर एका बाजूस व झाडें दुसऱ्या बाजूस राहिलीं आहेत. फाटक उघडतें तें ठरल्या दिवशीं, परवाना असेल त्याच्यासाठीं. ऑलिव्हचें फळ ऑक्टोबर-नोव्हेंबरांत उतरवितात. तेवढे दिवस परवानगी मिळते असें समजा. पण झाड म्हणजे केवळ तोडणी नव्हे. छाटणी, नांगरट, गवत काढणें, ढासळलेली ताल पुन्हां रचणें, हें वर्षभराचें काम. तें न झालें कीं फळ घटतें, गवत माजतें, आणि परक्या डोळ्याला जमीन खरोखरच पडीक दिसूं लागते. वसाहतवाले मारहाण करतात म्हणून सैन्य शेतकऱ्यांनाच शेतांत जाण्याची बंदी करी. जून २००६ मध्यें त्याच उच्च न्यायालयानें बजावलें कीं, मार खाणाऱ्याला घरीं बसविणें हें संरक्षण नव्हे, शेतकऱ्याला व त्याच्या झाडांना संरक्षण द्या. निकाल उत्तम आहे. झाडें तोडणें, जाळणें व शेतकऱ्यांस पिटाळणें हें त्यानंतरही दर हंगामांत चालूच राहिलें. मालकाला बांधाबाहेर ठेवून नांगर धरणाऱ्याविषयीं आम्ही वर जें म्हटलें, तें येथें अक्षरशः घडतें. फक्त दांडक्याच्या ठिकाणीं फाटक, नकाशा आणि शिक्का आहे.

एकाच टेंकडीवर राहणाऱ्या दोघांना दोन कायदे लागू आहेत, वसाहतवाल्याला इस्रायलचा नागरी कायदा आणि पॅलेस्टिन्याला लष्करी हुकूम व लष्करी न्यायालय. १९९५ च्या करारानें इस्रायलच्या पूर्ण अखत्यारींत ठेवलेल्या सुमारें ६० टक्के प्रदेशांत पॅलेस्टिन्याला घर बांधण्याचा परवाना जवळजवळ मिळतच नाहीं, आणि परवान्यावांचून बांधलेलें घर पाडलें जातें. हें सर्व प्रसिद्ध आहे. विस्तार करीत नाहीं.

अधिक विचार करावयास लावणारा मनुष्य म्हणजे साधा वसाहतवाला. वसाहतवाला म्हटला कीं टेंकडीवर बंदूक घेऊन उभा असलेला धर्मवेडा डोळ्यांपुढें येतो. पण मोडिईन इल्लित किंवा बेतार इल्लित येथें राहणारीं हजारों कुटुंबें गरीब, कर्मठ आणि पोराबाळांनीं गजबजलेलीं आहेत. जेरुसलेमांत घर परवडत नव्हतें, तेथें परवडलें, म्हणून तीं गेलीं. जेरुसलेमच्या पूर्वेस १९७५ मध्यें वसलेलें मआले अदुमिम आज तीस हजारांहून अधिक वस्तीचें शहर आहे. त्या शहरांत १९९० सालीं जन्मलेला मुलगा आज स्वतः बाप झाला असेल. त्यानें कोणाचें कुंपण मोडलें नाहीं. आपल्या शहराच्या विस्तारासाठीं जाहलीन टोळीचे बेदुइन, जे १९५० च्या सुमारास नेगेवच्या वाळवंटांतून एकदां हांकलले गेले होते, त्यांस त्या दशकाच्या अखेरीस पुन्हां उठवून अबू दीसच्या उकिरड्याजवळ नेऊन ठेवलें, हें त्याला कोणी सांगितलेंही नसेल. त्याचा दोष काय?

आमच्या मतें त्याचा दोष नाहीं, किंवा असला तर फार थोडा आहे. आणि तरीही त्याची जमीन त्याची होत नाहीं. गुरांच्या बाजारांत कोणी भोळेपणानें चोरीचा बैल घेतला, तर त्याला चोर कोणी म्हणत नाहीं, पण बैल मालकाच्या गोठ्यांतच जातो. पैसे मागावयाचे ते विकणाऱ्यापाशीं. घर म्हणजे बैल नव्हे, हें आम्ही जाणतों. घराशीं मनुष्याचें बालपण जोडलेलें असतें. १९८२ मध्यें सिनाईंतील यामित हें गांव आणि २००५ मध्यें गाझांतील २१ वसाहती इस्रायलच्याच सरकारनें उठविल्या. गाझांतून सुमारें आठ हजार माणसें हलविलीं गेलीं; आपल्याच सैनिकांच्या गळ्यांत पडून रडणाऱ्या त्या कुटुंबांचीं चित्रें जगानें पाहिलीं. ते अश्रु खोटे होते असें आम्ही म्हणणार नाहीं. परंतु असे अश्रु गळतील हें १९४९ च्या करारकर्त्यांना ठाऊक होतें, १९६७ सालीं टिपण लिहिणाऱ्याला ठाऊक होतें, आणि माणसें पाठविणाऱ्यांनाही ठाऊक होतें. किंबहुना हाच हिशेब होता. वसाहतींत निरपराध माणसें जितकीं अधिक, तितका कबजा बळकट. म्हणून धर्मवेड्यांपेक्षांही स्वस्त घर शोधणारीं गरीब कुटुंबें सरकारला हवीं असतात. १९९३ सालीं ओस्लोचा समझोता झाला तेव्हां पूर्व जेरुसलेम सोडून वसाहतवाले लाखाच्या थोडे पुढें होते. समझोत्याच्या वाटाघाटी चालू असतांना, आणि त्या मोडल्यावरही, संख्या वाढतच गेली. निरपराधपणाचा असा ढालीसारखा उपयोग करणें हा त्या कुटुंबांवरही अन्याय आहे असें आम्हांस वाटतें, जरी तीं स्वतः तसें म्हणणार नाहींत.

पॅलेस्टिनी हल्लेखोरांनीं वसाहतींत शिरून झोंपलेल्या कुटुंबांचे खून केले आहेत. वसाहत बेकायदेशीर म्हणून तींतील मूल मारणें कायदेशीर होत नाहीं, तो खूनच. हेब्रनमध्यें फेब्रुवारी १९९४ त एका वसाहतवाल्या डॉक्टरानें नमाज पढणाऱ्या २९ जणांस गोळ्या घालून ठार केलें, तोही खूनच. मात्र त्यानंतर शुहदा रस्ता बंद होत गेला तो मारल्या गेलेल्यांच्या बांधवांसाठीं, ही त्या शहराची रीत. ७ ऑक्टोबर २०२३ रोजीं हमासनें इस्रायलांत शिरून सुमारें १२०० जणांस मारलें, आणि त्यानंतरच्या युद्धांत गाझांत हजारों मुलेंबाळें मारलीं गेलीं. त्या कोलाहलांत पश्चिम तीराकडे कोणाचें लक्ष नव्हतें. हेब्रनच्या दक्षिणेकडील झानुता या गांवचे लोक वसाहतवाल्यांच्या धमक्यांना व मारहाणीला कंटाळून त्याच ऑक्टोबरच्या अखेरीस चंबूगबाळें आवरून निघाले. तशींच इतर कित्येक मेंढपाळ वस्त्या उठल्या. आतां जमीन घेण्यास नकाशाचीही फारशी गरज उरली नाहीं. चार तरुण, एक कळप आणि एक पत्र्याची खोपटी एवढ्यावर संबंध डोंगर अडवितां येतो. २०२५ सालीं सरकारनें एकदम २२ नव्या वसाहतींस मंजुरी दिली, आणि मआले अदुमिम व जेरुसलेम यांच्या मधल्या जागेंत सुमारें ३,४०० घरांची योजना पक्की केली.

त्याच दक्षिणेकडे तूबा नांवाची लहानशी वस्ती आहे. तेथील मुलांची शाळा तुवानी या गांवीं; जवळची वाट माओन ही वसाहत आणि तिच्या शेजारचा हवात माओन हा पाडा यांच्या मधून जाते. हा पाडा इस्रायलच्या स्वतःच्या कायद्यानेंही परवान्यावांचून उठलेला आहे. तेथील लोक शाळेच्या मुलांवर दगड घेऊन धांवत, तेव्हां प्रकरण इस्रायलच्या पार्लमेंटच्या समितीपर्यंत गेलें, आणि २००४ पासून मुलांबरोबर सैन्याची गाडी द्यावी असें ठरलें. पाडा उठवावा असें ठरलें नाहीं. मुलें सकाळीं वाटेच्या तोंडाशीं जमून गाडीची वाट पाहत. गाडी कधीं वेळेवर येई, कधीं उशिरां येई. न आली तर टेंकड्यांना वळसा घालून लांबच्या वाटेनें जावें लागे, आणि पहिला तास बुडे.